'पुसट' की 'न उठलेलं'?

प्रश्न
माझ्याकडे एक शिवराई आहे, शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं. तिच्या एका बाजूला 'छत्र' ठसठशीत आहे, खालच्या 'पति'तला 'ति' मात्र अर्धाच. संग्रहाच्या यादीत मी 'पुसट' लिहिलं, पण मन मानेना. पुसट म्हणजे आधी होतं आणि मग पुसलं गेलं. मुळात उमटलंच नसेल तर काय म्हणायचं?

प्रतिसाद १
'उठलं नाही' म्हणा. कागदावर शिक्का नीट बसला नाही की आपण म्हणतोच, शिक्का उठला नाही. साच्यात उकड कमी दाबली तर मोदकाच्या कळ्या उठत नाहीत, तसंच हे. ठोकताना घाव हलका पडला की धातू पोलादी ठशाच्या खोल खाचांपर्यंत पोचत नाही. खाचेत वंगण आणि मळ साचला तरी तेवढी जागा सपाट राहते.

यंत्राच्या टाकसाळीतही हे घडतं. अमेरिकेच्या १९२१च्या 'पीस' डॉलरचा उठाव इतका उंच होता की त्यावरच्या स्त्रीमुखाचे मधले केस नीट उठेनात. १९२२ साली उठाव कमी करावा लागला.

प्रतिसाद २
सहमत. फक्त एक घोळ टाळा. 'ठसा' आपण दोन्हीला म्हणतो, ठोकायच्या पोलादी तुकड्यालाही आणि नाण्यावर उमटलेल्या खुणेलाही. मग 'ठसा झिजलाय' म्हटलं तर काय झिजलं? टाकसाळीतलं हत्यार, की हाताळून हाताळून नाणं? यादीपुरतं तरी हत्याराला ठसा आणि खुणेला छाप म्हणावं. 'छापा-काटा'मुळे तो शब्द सगळ्यांच्या तोंडी आहेच. 'साचा' मात्र नको, त्यानं नाणं ओतलेलं वाटतं.

ओळखायचं असं: वापरानं झिजलेला भाग गुळगुळीत लागतो. न उठलेल्या भागावर ठोकण्याआधीच्या कोऱ्या चकतीचा खडबडीतपणा भिंगातून दिसू शकतो.

प्रतिसाद ३
शिवराईला मला तिसराच शब्द हवासा वाटतो. हातानं ठोकलेल्या या तांब्याच्या नाण्यांत चकती बहुधा ठशापेक्षा लहान असे. दुसऱ्या बाजूची 'श्री राजा शिव' ही तीन ओळींची अक्षरं पूर्ण असलेली शिवराई म्हणूनच अप्रूपाची. तिथं घाव कमी पडलेला नसतो, जागा कमी पडलेली असते. अक्षर मावलेलं नसतं. तुमचा 'ति' काठाशी तुटलाय का?

प्रश्नकर्ता
हो, अगदी काठाशी. उरलेला अर्धा 'ति' चांगला खोल उठलाय. 'पुसट' खोडून 'ति मावलेला नाही' असं लिहिलंय. आता बाकीच्या अकरा शिवराया पुन्हा भिंगाखाली घेतो.