एक हवं होतं, चार घ्यावी लागली: गाडीच्या पॅकेजांचे तुमचे अनुभव

धागाकर्ती

नवी गाडी घेताना मला फक्त गरम होणारी सीट हवी होती. हौस म्हणून नाही. कंबरेचं दुखणं जुनं आहे, लांबच्या प्रवासात शेक मिळाला तर उतरताना सरळ उभं राहता येतं. सीट मिळत होती, पण एकटी नाही. तिच्यासोबत पॅनोरमिक सनरूफ, मोठी अलॉय व्हील्स आणि पायापाशी लागणारे रंगीत दिवे. 'नुसती सीट द्या ना' म्हटलं तर सेल्समन म्हणाला, "मॅडम, सिस्टिममध्ये टिकच होत नाही."

कंपन्या असं का करतात? वैतागलेल्यांनी लिहाच, पण या धंद्यात काम केलेल्यांनीही लिहा. मला शिव्यांपेक्षा कारणं हवी आहेत.

वायरिंग हार्नेसच्या डिझाइनमधला एक जण

सेल्समन खोटं बोलला नाही. एकमेकींवर अवलंबून नसलेल्या १० गोष्टी सुट्या विकल्या, तर त्यांच्या १,०२४ जुळण्या होतात. २० विकल्या तर १०,४८,५७६. त्याच २० गोष्टी ४ पॅकेजांत बांधल्या की उरतात १६. असेंब्ली लाइनवरच्या माणसासाठी हा फरक फार मोठा असतो.

गाडीतल्या तारांचा जुडगा म्हणजे हार्नेस. त्यात काही किलोमीटर तार असते आणि तो आजही बराचसा हातानेच, मोठ्या फळीवर तारा अंथरून बांधला जातो. ऐच्छिक गोष्टी वाढल्या की दोन वाटा उरतात. एक, सगळ्यांना भरगच्च हार्नेस द्यायचा. म्हणजे ज्याने काहीच घेतलं नाही तोही न वापरलेलं तांबं आयुष्यभर वाहून नेणार. दुसरी, प्रत्येक ऑर्डरचा वेगळा हार्नेस बनवायचा. महागड्या गाड्यांसाठी काही जर्मन कंपन्या तसं करतात, पण मग तो हार्नेस लाइनवर नेमक्या त्याच गाडीच्या वेळी पोचायला हवा. रोजच्या वापराच्या गाड्यांना हे परवडत नाही. तिथे ठरलेले मोजके हार्नेस असतात आणि पॅकेजं त्यांच्याभोवती आखली जातात.

गरम सीट, गरम स्टिअरिंग आणि आरसे तापवणारी तार एका 'विंटर पॅक'मध्ये असतात त्यात म्हणूनच अर्थ आहे. पण तुमच्या यादीतलं सनरूफ? त्याला भोक असलेलं छत लागतं, मजबुतीकरण लागतं, पाणी खाली नेणाऱ्या नळ्या लागतात. सीटशी त्याचा काडीचा संबंध नाही. ते उत्तर आमच्याकडे नाही, किंमत ठरवणाऱ्यांकडे आहे.

किंमत ठरवणाऱ्या विभागात काम केलेली

आलेच. संबंध नाही, म्हणूनच ते एकत्र असतं.

काल्पनिक आकडे घेऊन हिशोब करू. पहिल्या गिऱ्हाइकाला सनरूफसाठी ९ मोजावेसे वाटतात, गरम सीटसाठी ३. दुसऱ्याला सनरूफचे ४, सीटचे ८. सुटं विकायचं तर सनरूफची किंमत ९ ठेवावी, एक जण घेईल. सीटची ८, दुसरा घेईल. एकूण १७. आता दोन्ही बांधून १२ ला ठेवा. दोघंही घेतात, कारण दोघांच्याही मनात जोडीची किंमत १२ च आहे. एकूण २४. (उत्पादनाचा खर्च सोडून दिलाय, तो धरला की फायदा कमी होतो, कधीकधी पुसलाही जातो.)

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी १९६३ साली हा मुद्दा गाड्यांवर नाही, चित्रपटांवर मांडला होता. अमेरिकेतले वितरक टीव्ही केंद्रांना चांगल्या चित्रपटांसोबत पडेल चित्रपटही गळ्यात मारायचे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये ते बेकायदा ठरवलं. १९७६ साली अ‍ॅडम्स आणि येलेन यांनी या गणिताचा रीतसर सिद्धान्त केला.

यातली मेख अशी की आवडी जितक्या उलट, तितकं बांधणं फायद्याचं. ज्याला सीट हवी त्यालाच गरम स्टिअरिंगही हवं असेल, तर दोन्ही बांधून फारसं काही हाती लागत नाही. त्यामुळे माझा साधा अंदाज असा: पॅकेजमधल्या गोष्टी एकमेकींना शोभत असतील तर ते बहुधा इंजिनिअरने बांधलंय. विजोड वाटल्या तर आमच्या विभागाने. धागाकर्तीच्या कंबरेची किंमत आम्ही सनरूफमध्ये वसूल केली, असं म्हणा हवं तर.

वाचक

रुमाल टाकून ठेवतोय. वरचा प्रतिसाद वाचून माझ्या गाडीचं माहितीपत्रक परत काढलं. 'कम्फर्ट पॅक'मध्ये मागच्या काचेचा वायपर आहे. कोणाच्या कम्फर्टसाठी, देव जाणे.

काचा बसवणारा

इंजिनिअरच्या बाजूने एक अनुभव. हेड-अप डिस्प्ले (वेगासारखे आकडे पुढच्या काचेवर दाखवणारी सोय) नंतर बसवून द्या, असं म्हणणारी गिऱ्हाइकं येतात. त्यांना वाटतं डॅशबोर्डमध्ये एक डबा ठेवला की झालं. पण त्या गाड्यांची पुढची काच वेगळी असते. दोन काचांमधला पातळ थर पाचरीसारखा, वरून खाली जाडी बदलणारा असतो. साध्या काचेवर तेच आकडे दोनदा दिसतात, एकावर एक सरकलेले. त्याच काचेवर आरशामागे कॅमेरा आणि पावसाचा सेन्सर बसतो, आणि काच बदलली की कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करावं लागतं. एकाच मॉडेलच्या काचेचे इतके प्रकार असतात की मागवण्याआधी मी गाडीचा चासी नंबर घेतल्याशिवाय फोन उचलत नाही. हेड-अप डिस्प्ले, कॅमेरा आणि सेन्सर एका पॅकेजात टाकले तर मला आनंदच आहे.

वैतागलेला बाप

हे सगळं ठीक, पण सुरक्षेचं काय? मुलगी नुकतीच गाडी शिकली, तिच्यासाठी ब्लाइंड स्पॉटचा (आरशात न दिसणाऱ्या बाजूच्या गाडीचा) इशारा देणारी यंत्रणा हवी होती. ती सगळ्यात वरच्या पॅकेजात, भारी स्पीकर आणि चामड्याच्या सीटसोबत. माझ्या मुलीचा जीव आणि स्पीकर एका पिशवीत!

युरो एनकॅप (गाड्यांची सुरक्षा तपासून तारे देणारी युरोपातली संस्था) २०१६ पासून काही गाड्यांना दोन रेटिंग देतं: एक सगळ्यांना मिळणाऱ्या साधनांचं, दुसरं 'सेफ्टी पॅक' घेतला तर. जाहिरातीत कुठले तारे छापले जात असतील ते सांगायला नको. आणि गंमत बघा, अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीत आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा लागते. कायदा आला की बरोबर सगळ्यांना देता येतं. तेव्हा हार्नेस आडवा येत नाही?

हार्नेसवाला (पुन्हा)

नाही येत, आणि तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. सगळ्यांना दिलं की जुळण्या कमी होतात, आमचं काम सोपं होतं. त्रास होतो तो काहींना द्यायचं आणि काहींना नाही, यात. म्हणजे पॅकेजं मोजकी असावीत हा कारखान्याचा आग्रह. कुठली वस्तू कुठल्या पॅकेजात टाकायची, हा नाही. ब्लाइंड स्पॉटसाठी मागच्या बंपरमध्ये रडार आणि त्याच्या तारा लागतात, पण चामडं अजिबात लागत नाही.

शोरूममध्ये अनेक वर्षं काढलेली

आमची बाजूही ऐका. सगळं सुटं मिळत असतं तर गिऱ्हाईक काय निवडेल याचा भरवसा नाही, आणि ऑर्डर रद्द झाली की ती विचित्र जुळणी आमच्या आवारात धूळ खाते. साधी सीट पण महाग चाकं, असली गाडी विकताना नाकी नऊ येतात. ठरलेले तीन-चार व्हेरियंट असले की स्टॉक ठेवता येतो, डिलिव्हरी लवकर देता येते. जपानी कंपन्यांनी अमेरिकेत हेच केलं: जहाजाने येणारी गाडी प्रत्येकाच्या मर्जीने बनवून पाठवणं अवघड, म्हणून सुट्या पर्यायांऐवजी मोजके व्हेरियंट. त्यात १९८१ पासून निर्यातीवर वर्षाला १६.८ लाख गाड्यांची मर्यादा आली. संख्या वाढवता येईना, तेव्हा जास्त सोयींच्या, महाग गाड्यांकडे त्या वळल्या.

आणि हो, मधला व्हेरियंट सर्वांत जास्त खपतो. वरचा कधीकधी मधला वाजवी वाटावा म्हणूनच असतो.

उत्सर्जन चाचणीतला

थोडक्यात भर घालतो. युरोपात २०१७ मध्ये नवी चाचणी पद्धत आली, डब्ल्यूएलटीपी. तिच्यात वजन, चाकं, हवेचा अवरोध यांत फरक पाडणाऱ्या पर्यायांमुळे त्या एका गाडीचा कार्बन डायऑक्साइडचा अधिकृत आकडा बदलतो. सप्टेंबर २०१८ मध्ये ती सर्व नव्या गाड्यांना लागू झाली, तेव्हा फोक्सवॅगनला मंजुरीची वाट पाहणाऱ्या गाड्या बर्लिनच्या तेव्हा न उघडलेल्या विमानतळावर उभ्या कराव्या लागल्या होत्या. पर्याय कमी करण्याचं ते आणखी एक कारण झालं.

सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडी घेतलेला

आता तर तारांची सबबही उरलेली नाही. २०१६ मध्ये टेस्लाने ७५ किलोवॉट-तासाची बॅटरी बसवून गाडी '६०' म्हणून विकली, उरलेली क्षमता पैसे भरून उघडायची. बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये काही देशांत गरम सीट महिन्याच्या भाड्याने देऊन पाहिली आणि टीका झाल्यावर २०२३ मध्ये ते बंद केलं. गरम करणारी जाळी सीटमध्ये आधीपासून असते, फक्त सॉफ्टवेअरचं कुलूप असतं. म्हणजे कारखान्यात एकच गाडी बनते आणि पॅकेजाचा निर्णय पूर्णपणे वर लिहिलेल्या ९ आणि ३ च्या हिशोबावर येतो. हार्नेसवाल्यांचं म्हणणं इथे लागू होत नाही.

माझ्या गाडीत (कंपनीचं नाव घेत नाही) जुन्या मालकाने दाखवलेली एक सोय गाडी माझ्या नावावर होताच गायब झाली. ती त्यांच्या खात्यावर होती. त्यामुळे जुनी गाडी बघायला जाणाऱ्यांनो, कुठली सोय गाडीसोबत येते आणि कुठली मालकाच्या खात्यावर आहे, याची यादी व्यवहाराच्या कागदावर लिहून घ्या. नंतर ग्राहक सेवेला फोन केलात तर ते नम्रपणे नव्या वर्गणीची लिंक पाठवतात.