पद्मपाणीची जलरंगातील प्रतिकृती : उडालेला भाग कसा दाखवावा? मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाची प्रतिकृती मी जलरंगात करत आहे. रेखांकन पूर्ण झाले आहे, मात्र भिंतीवर जिथे गिलाव्याचे पोपडे उडाले आहेत, तिथे काय करावे याचा निर्णय होत नाही.

उरलेल्या रेषांवरून अंदाज बांधून तो भाग पुरा करणे मला पटत नाही, कारण पुढे केवळ प्रतिकृतीच पाहणाऱ्याला माझा अंदाज हाच मूळ चित्रकाराचा हात वाटेल. कागद कोरा सोडावा, तर जलरंगाची एक वेगळीच अडचण उभी राहते. पारदर्शक जलरंगात कोरा कागद हाच सर्वांत उजळ पांढरा असतो, त्यामुळे सावळ्या देहाशेजारी सोडलेला कोरा तुकडा नाकाच्या दांडीवरच्या उजेडापेक्षाही आधी डोळ्यांत भरतो आणि चेहऱ्यावरची सगळी शांतता त्यापुढे फिकी पडते. नमुन्याच्या कागदावर अशा जागी रॉ अंबरचा (मातकट तपकिरी रंगाचा) अगदी पातळ, सपाट वॉश म्हणजे पाणीदार थर दिला, तेव्हा तो तुकडा मागे सरकला खरा. पण तो मातकट पार्श्वभूमीत इतका मिसळला की तिथे चित्र नाहीसे झाले आहे हेच कळेना. या दोन टोकांमधली छटा कशी ठरवावी?

दुसरी शंका रंगांच्या मूळ छटेविषयी आहे. इंग्रज चित्रकार क्रिस्टियाना हेरिंगहॅम यांनी नंदलाल बोस, असितकुमार हालदार आदींच्या साहाय्याने १९०९ ते १९११ या काळात केलेल्या अजिंठ्याच्या प्रतिकृती १९१५ साली ग्रंथरूपाने छापल्या गेल्या. त्यानंतर, १९२० च्या सुमारास, निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी भित्तिचित्रांवर शेलॅकचा (लाखेपासून केलेल्या वार्निशचा) थर दिला आणि तो कालांतराने पिवळा पडला. वार्निश त्याआधीही लावले गेले होते, म्हणून जुन्या छपाईवर डोळे झाकून विसंबता येत नाही. तरीही आजच्या छायाचित्रातला पिवळेपणा इमानाने उतरवणे म्हणजे शेलॅकचीच नक्कल करणे, असे मला वाटते. हा पिवळेपणा किती वजा करावा, हे अनुभवी मंडळी कशावरून ठरवतात?

शेवटचा प्रश्न रेषेचा आहे. अजिंठ्यात गेरूच्या रेषेने आकार बांधून, रंग भरून, वरून पुन्हा गडद रेषा ओढलेली दिसते. माझ्या कागदावर मात्र इंडियन रेडची (गडद लाल रंगाची) खालची रेषा बर्न्ट सिएनाचा (तांबूस तपकिरी रंगाचा) दुसरा थर देताना सुटते आणि देहाचा रंग गढूळ होतो. खालची रेषा न विरघळणाऱ्या शाईने काढावी, की रेषेचे सगळे काम अखेरीस करावे? कागद ३०० जीएसएमचा (जाड), हॉट प्रेस म्हणजे गुळगुळीत पृष्ठभागाचा आहे. भित्तिचित्रांच्या प्रतिकृती ज्यांनी स्वतः केल्या आहेत, त्यांनी कृपया आपली पद्धत थरांच्या क्रमासह लिहावी.