बर्फातला एक दिवसाचा ट्रेक, सोबत ६३ वर्षांचे बाबा: तयारी कशी करावी?

नवी_वाट:
बाबा ६३ चे, मी ३१ चा. जाऊन-येऊन १४ किमी, चढाई ९०० मीटर. उन्हाळ्यात दोघांनाही जमतं, बर्फात पहिल्यांदाच. बाबांना रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल चालू आहे आणि उतारावर डावा गुडघा कुरकुरतो. वेळ किती धरू? क्रॅम्पॉन (बुटाला बांधायचे लांब धातूचे दात) घेऊ की मायक्रोस्पाइक्स (बुटावर रबराने चढवायचे छोटे दात)? आणि "मला काही होत नाही" म्हणणाऱ्या माणसाला थंडी बाधतेय हे ओळखायचं कसं?

उतारकरी:
वेळ: ५ किमीला एक तास, वर दर ६०० मीटर चढाईला एक तास. तुमचे झाले सव्वाचार. मळलेल्या बर्फात याची दीडपट म्हणजे साडेसहा, ताज्या भुसभुशीत बर्फात दुप्पट. थांबे वेगळे. परतीची वेळ घरीच ठरवा. सूर्यास्त साडेपाचला, उतरायला ३ तास, हाताशी १ तास; म्हणजे दीड वाजता मागे फिरायचं, शिखर समोर दिसत असलं तरी. बापलेकांत "तो दमला असेल तर तोच म्हणेल" असं दोघंही धरून चालतात आणि कुणीच काही म्हणत नाही. म्हणून हा निर्णय घड्याळावर सोपवा.

मळलेली वाट आणि सौम्य उतार असेल तर मायक्रोस्पाइक्स पुरे. घसरलो तर थांबणार नाही असा उतार असेल, तर क्रॅम्पॉन, आइस अ‍ॅक्स (घसरण थांबवायला बर्फात रोवायची कुऱ्हाड) आणि दोन्हींचा आधी केलेला सराव हवा. तो नसेल तर दुसरा डोंगर निवडा. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर हिमस्खलनाचा धोका सर्वाधिक, त्या दिवसाचा इशारा वाचल्याशिवाय निघू नका.

पायवाट:
बाबांना पुढे ठेवा, वेग आपोआप त्यांचा राहतो.

उतारकरी:
मळलेल्या वाटेवर हो. ताज्या बर्फात पुढच्याचीच सगळ्यात जास्त दमछाक होते. तिथे मुलाने पुढे राहावं, पण पावलं बाबांच्या मापाची टाकावी. लांब ढांगा टाकल्या तर मागच्याला प्रत्येक खड्ड्यासाठी गुडघा ताणावा लागतो.

थर्मल_थर:
मेटोप्रोलॉलमुळे नाडीचा वेग दबलेला राहतो, त्यामुळे मनगटी घड्याळातल्या आकड्यावर जाऊ नका. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दर दोन शब्दांना श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करा. या औषधाने बोटंही लवकर गार पडू शकतात. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

थंडी ओळखायला "बरं वाटतंय ना?" विचारून उपयोग नाही. हातमोजा काढायला लावून अंगठा करंगळीला टेकवायला सांगा. जमलं नाही, बोलणं जड झालं किंवा पाय अडखळायला लागले, तर तिथल्या तिथे कोरडे कपडे, गोड खाणं आणि परत. कुडकुडणं आपोआप थांबलं आणि माणूस गप्प झाला, तर ती सुधारणा नव्हे, मदत बोलवा. बोटं पांढरी, मेणासारखी दिसली तर चोळू नका.

सुती बनियन नको, घामाने भिजलं की सुकत नाही. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. जाड जॅकेट सॅकमध्ये अगदी वर ठेवा आणि थांबल्या क्षणी, अंग तापलेलं असतानाच, चढवा. उणे १० अंशांत ताशी ४० किमी वारा असला तर उघड्या कातडीला उणे २१ सारखं लागतं. शिखरावर पाच मिनिटं पुरे.

नवी_वाट:
बाबा दोन जाड मोजे घालायचं म्हणतायत.

थर्मल_थर:
बुटात बोटं हलत नसतील तर दुसऱ्या मोज्याने पाय जास्तच गार पडेल. एकच लोकरी मोजा, दुसरा कोरडा सॅकमध्ये. पाण्याची बाटली उलटी ठेवा; बर्फ वरून धरतो, तोंड मोकळं राहतं. नळीची पिशवी नको, आधी नळी गोठते.

उतारकरी:
गुडघ्यासाठी: उतारावर दोन्ही काठ्या ५-१० सेंमी लांब करा, टोकाला रुंद चकत्या लावा, नाहीतर काठी बर्फात खोल जाते आणि तोल जातो. दुपारी बर्फ ओला झाला की स्पाइक्सखाली गोळा धरतो आणि दात टेकतच नाहीत. बुटाच्या कडेला काठीने ठोकून तो पाडत राहा. बाबांचेही बूट तुम्हीच बघा, मागून चालताना ते दिसतात.