अनुभव धागा: संस्था चालवायचं शिक्षण घेतलंत का? परत आल्यावर काय झालं?

गेली ९ वर्षं रत्नागिरीतल्या एका छोट्या संस्थेत आहे. काम मासेविक्री करणाऱ्या बायकांबरोबर. कागदावर मी समन्वयक, प्रत्यक्षात टेम्पो बोलावण्यापासून ऑडिटच्या फायली लावण्यापर्यंत सगळं माझ्याकडे. आता रीतसर शिकून यावं असं डोक्यात घोळतंय. समाजकार्य, सामाजिक उद्योजकता, विकास व्यवस्थापन, नावं पुष्कळ आहेत. ज्यांनी असं शिक्षण घेतलंय, अर्धवट सोडलंय किंवा मुद्दाम घेतलं नाही, त्यांनी लिहा, वर आपल्या गावाचं नाव टाकून. माहितीपत्रकं माझ्याकडे ढीगभर आहेत, ती नकोत.

कुडाळ

मी मुंबईत देवनारला होते, टाटा इन्स्टिट्यूटमध्ये. १९३६ साली सुरू झालेली, देशातली समाजकार्य शिकवणारी पहिली संस्था, हे पहिल्याच आठवड्यात कानावर पडलं. मला धास्ती होती ती इंग्रजीची. ती सहा महिन्यांत गेली. फील्डवर्क, त्याचा रिपोर्ट, मग सुपरव्हायझरसमोर बसून त्याची चिरफाड, असं चक्र दोन वर्षं चाललं. त्यातून समोरचा बोलत असताना मध्ये न बोलणं एवढं पक्कं अंगात मुरलं. आमच्या घरात हे कोणालाच जमत नाही.

परत आले तेव्हा काकी म्हणाली, "गो, संस्था चालवूक शिकाचा काय असता? देवळाचो उत्सव कोण चालवता मगे?" तेव्हा हसले. पण खरंच, उत्सवात मान कोणाचा, वर्गणी किती, हिशेब कधी वाचायचा, सगळं ठरलेलं असतं. आमच्या संस्थेत काहीच ठरलेलं नव्हतं, सगळं संस्थापक सरांच्या डोक्यात. पुस्तकात याला 'फाउंडर्स सिंड्रोम' म्हणतात, हे मी सरांना सांगितलं नाही. सह्या कोणी करायच्या, सर आजारी पडले तर निर्णय कोणाचा, एवढंच एका पानावर लिहून घेतलं. त्या एका पानाला ११ महिने लागले.

चिपळूण

२२ जुलै २०२१. पुढचं चिपळूणकरांना सांगायला नको. २००५ च्या पुराच्या खुणा भिंतींवर होत्या, पाणी त्यांच्याही वर गेलं. मी तेव्हा वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायचो. संस्थाबिंस्था काही नव्हती, आळीतले आठ-दहा जण होतो. पाणी ओसरल्यावर ट्रक यायला लागले. ब्लँकेटं, बिस्किटं, बाटल्या आणि जुन्या साड्या. साड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजून कुजले. आम्हाला हवे होते पंप, फावडी, डिझेल आणि बंद पडलेल्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस. एका कंपनीच्या माणसाला फोन केला, तर म्हणाला पैसे मदतीच्या किटसाठी मंजूर झालेत, किटच घ्या. मी कडाकडा भांडलो. पुढे वर्षभर त्याचं नाव निघालं तरी डोकं फिरायचं.

नंतर नोकरी सांभाळून विकास व्यवस्थापनाचा कोर्स केला. तिथे एका तासात कळलं की तो माणूस मला टोलवत नव्हता. सीएसआरचा पैसा म्हणजे मोठ्या कंपन्यांनी समाजासाठी खर्च करायचा पैसा, २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के. तो कशावर खर्च करायचा याची मंजुरी वर होते, आणि ज्याच्यासाठी मंजूर झाला त्याच्यावरच तो दाखवावा लागतो. फोनवरच्या माणसाच्या हातात काहीच नव्हतं. म्हणजे भांडणाची वेळ चुकली. यादी आम्ही पाठवायला हवी होती, मंजुरीच्या आधी, त्यांना स्वतःला सुचेपर्यंत थांबायला नको होतं. पण चिखलात उभं राहून हे कोणाला सुचतं?

आता आमच्या प्रत्येक प्रस्तावात एक ओळ असतेच: गरजेनुसार एका सदरातली १५ टक्के रक्कम दुसऱ्या सदरात वळवता येईल. काही देणगीदार ती खोडतात, काही राहू देतात. गेल्या पावसाळ्यात त्या ओळीच्या जोरावर शाळेच्या वह्यांच्या पैशातून दोन पंप घेतले. एका ओळीसाठी एवढी फी भरली, असं बायको म्हणते. खोटं नाही.

अलिबाग

माझ्याकडे डिग्री नाही, मी सीएंच्या ऑफिसात काम करतो. पण शिकून आलेल्यांच्या फायली माझ्याच टेबलावर येतात, म्हणून बोलतो. नेतृत्वावर भरभरून बोलतात आणि चेंज रिपोर्ट म्हटलं की तोंडाकडे बघतात. १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा, कलम २२. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवायचं. आमच्याकडे एक संस्था आली, सातपैकी चार विश्वस्त वारलेले आणि नोंदीत अजून तेच. बँक सही बदलून देईना. दिल्लीहून शिकून आलेली एक मुलगी तिथे नवीन लागली होती. प्रेझेंटेशन फार देखणं करायची. ती गावोगाव फिरून मृत्यूचे दाखले गोळा करत बसली. बिचारी. पण फिरली, कंटाळली नाही, हे मी तिच्या शिक्षणाच्या खात्यात जमा करतो.

कोर्सला जाणार असाल तर हे शिकवतात का ते आधी विचारा: सीएसआर-१ या फॉर्मवरची संस्थेची नोंदणी, जिच्याशिवाय १ एप्रिल २०२१ पासून कंपनीचा सीएसआर निधी घेता येत नाही. आणि परदेशी निधीच्या कायद्यातले २०२० चे बदल. प्रशासनावर २० टक्क्यांच्या वर खर्च नाही, आणि एका संस्थेला आलेला पैसा दुसरीला देता येत नाही. मोठ्या संस्थेच्या सावलीत चालणाऱ्या कितीतरी लहान संस्थांचा त्यात पाय कापला गेला.

वेंगुर्ला

इग्नू या मुक्त विद्यापीठाचं एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी. दोन वर्षांचं असतं, चारपर्यंत करता येतं, मला चारही लागली. दिवसा उमेदच्या, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या बैठका, रात्री असाइनमेंट. नियोजनाचं प्रकरण वाचताना हसू यायचं. इथे मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. भरती-ओहोटी बघून वेळ द्यायची, घरचं आवरून पाळ्या लावायच्या, याहून वेगळं नियोजन ते काय? तरी कोर्स केला ते बरं झालं. आता ऑफिसात खुर्ची देतात.

गुहागर, सध्या मुंबई

मी अमेरिकेत जाऊन नॉनप्रॉफिट मॅनेजमेंट केलं. तिथल्या बहुतेक संस्था दरवर्षी कर खात्याकडे फॉर्म ९९० भरतात. तो कोणीही वाचू शकतो, त्यात वरच्या पदांचे पगारही असतात. प्राध्यापक हे कौतुकाने सांगत होते आणि मला आमच्या वाडीची सभा दिसत होती. शिमग्यानंतर देवळात खजिनदार हिशेब वाचतोय आणि तीन नारळ कुठे गेले यावर पाऊण तास वाद. पारदर्शकता आम्हाला नवी नाही. फरक पगाराचा. वाडीत "समाजसेवेचे पैसे घेतोस?" हा प्रश्न अजून विचारला जातो, माझ्या आईलाही विचारला. शिक्षणाचं कर्ज फेडायचं होतं, तेवढा पगार गुहागरात कोण देणार? गेलोच नाही परत. धाग्यात माझ्यासारखेही असू देत.

राजापूर

३१ वर्षं गावचं वाचनालय चालवतो. डिग्री नाही, अडलं काही नाही. कागदपत्रं चोख.

राजापूर

अलिबागकर, तुमचं वाचून फाइल काढली. एक चेंज रिपोर्ट राहिलाय. २०१४ चा.

धागाकर्ती, रत्नागिरी

सगळ्यांचं दोनदा वाचलं. टाटाच्या एम.ए.साठी २०२४ पासून सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि ती येते मार्चच्या आसपास, म्हणजे नेमकी आमच्या ऑडिटच्या आणि घरच्या आंब्याच्या तोंडावर. सध्या मन इग्नूकडे झुकतंय. कुडाळच्या ताई, ते पान बघायला मिळालं तर बरं होईल. काल धीर करून आमच्या सरांना विचारलं, तुम्ही नसाल तेव्हा चेकवर सही कोण करणार?

ते म्हणाले, "मी कुठे चाललोय?"