खलबत, मसलत की कट?

प्रश्न :
इथे ग्वाल्हेरात आमच्या वाचनकट्ट्यासाठी दुसऱ्या महायुद्धावर टिपण लिहिते आहे. २८ नोव्हेंबर ते १ डिसेंबर १९४३ या दिवसांत रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन तेहरानला भेटले. फ्रान्समध्ये सैन्य उतरवायचं आणि त्याच सुमारास पूर्वेकडून रशियाने जोर लावायचा, असं तिथे ठरलं. मी लिहिलं, ‘दोस्त राष्ट्रांनी कट रचला’. आईने तिथेच अडवलं, “कट काय म्हणतेस गं, ते काय दरोडेखोर होते?” ‘गुप्त योजना’ फारच कोरडं वाटतं. खलबत चालेल का? त्याचा खलबत्त्याशी काही संबंध?

उत्तर :
ताई, आईंचं बरोबर आहे. कट ज्याच्याविरुद्ध होतो त्याला आपण बेसावध धरलेलं असतं आणि वरून त्याच्याशी गोड असतो. उघड लढाई पुकारलेल्या शत्रूविरुद्ध कट कसला?

खलबत मूळचा अरबी ‘खल्वत’, म्हणजे एकांत. खलबत्त्याशी नातं नाही. तिथे खल वेगळा आणि बत्ता वेगळा. रायगडावर खलबतखाना दाखवतात, तो याच शब्दाचा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी लग्न ठरायचं असलं की आजी मधल्या खोलीचं दार लोटून घ्यायची. आतून हळू आवाज, मध्येच अडकित्त्याचा टक्क, पुन्हा कुजबुज. आम्ही पोरं बाहेर म्हणायचो, “खलबतं चाललीयत.” म्हणजे खलबत हे बोलणं झालं. त्यातून ठरतं ती मसलत.

मसलतीचं मूळ ‘मस्लहत’, त्यात हित, भलं हा अर्थ आहे. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो, कारण दोस्तांच्या युद्धबेताला नेमका तोच लागतो. १७८० च्या सुमाराचं उदाहरण घ्या. इंग्रजांविरुद्ध पुणे, म्हैसूरचा हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले एक झाले. हैदराने कर्नाटकात, भोसल्यांनी बंगालकडे, निजामाने ‘उत्तर सरकार’ म्हणजे आंध्र-ओडिशाच्या किनारपट्टीत आणि पुणेकरांनी गुजरात-कोकणात इंग्रजांना गुंतवून ठेवायचं, अशी वाटणी होती. हैदर जुलैत उतरला, सप्टेंबरात पोळिलूरला त्याने इंग्रजी फौज बुडवली. पण इंग्रजांचा गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज याने निजामाला गुंटूर परत देऊन आणि भोसल्यांना पैसा देऊन फोडलं. मसलत फुटली ती अशी. १७८० च्याच ऑगस्टात पॉपहॅम या इंग्रज अधिकाऱ्याने रात्री शिड्या लावून आपला ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. शेवटी १७ मे १७८२ ला तह झाला तोही इथूनच जवळ, सालबाईला.

आणखी एक शब्द टिपणात आणाच : षट्कर्णी. सहा कानांवर गेलेली गोष्ट फुटते, असं संस्कृत वचन आहे. तेहरानला तिघांचे बरोबर सहा कान! दुभाषे आणि सेनापती वेगळेच. तरी ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरेपर्यंत जागा आणि दिवस जर्मनांना नीट कळले नाहीत.

प्रश्नकर्ती :
काका, मनापासून आभार. आता असं लिहिलंय : ‘तेहरानच्या खलबतांत दोस्त राष्ट्रांची मसलत पक्की झाली, आणि ती षट्कर्णी होऊनही फुटली नाही.’ आईला पसंत आहे. फक्त ‘मित्र राष्ट्रं’ करू का? इथे हिंदीत तेच म्हणतात.

उत्तर :
नको. त्या युद्धापुरतं मराठीत ‘दोस्त राष्ट्रं’च रुळलंय. ‘मित्रराष्ट्र’ म्हटलं की आजचा कुठलाही स्नेही देश डोळ्यांपुढे येतो.