'टाकाऊ देह' म्हणावं की आणखी काही?

शमा: माणूस म्हातारा का होतो, यावरच्या लेखाचा अनुवाद करतेय. जीवशास्त्रज्ञ टॉम कर्कवुड यांच्या १९७७च्या 'डिस्पोजेबल सोमा' (सोमा म्हणजे देह) सिद्धान्तापाशी अडलेय. मी 'टाकाऊ देह' लिहिलं. संपादकांनी विचारलं, "म्हणजे नव्या पिढीला जागा व्हावी म्हणून निसर्ग म्हाताऱ्यांना टाकून देतो?" नेमका हाच अर्थ नकोय.

रानवाट: घोटाळा 'टाकाऊ'चाच. टाकाऊ म्हणजे निकामी. इथे देह धडधाकट असतो, फक्त त्याची कायमची डागडुजी परवडत नाही. रानातला उंदीर बहुधा वर्षाच्या आत घुबडाच्या तोंडी जातो, नाहीतर थंडीने मरतो. दहा वर्षं टिकेल असं शरीर राखण्यात त्याने अन्न खर्ची घातलं, तर पिल्लं कमी होतील. म्हणून तो पिंजऱ्यात सुखरूप असला तरी दोन-तीन वर्षांत थकतो. 'कामापुरता देह' लिहा.

दुर्वा: 'कामापुरता' म्हटलं की पुढे 'मामा'च आठवतो. मतलबी वाटतं.

जुनी पोथी: आधी म्हातारं होण्यासाठीचा मूळ शब्द ठरवा. 'वार्धक्य' आलं 'वृध्'वरून, म्हणजे वाढणे! झिजण्याचा धातू 'जॄ': जरा, जीर्ण, जर्जर, अगदी अजीर्णसुद्धा. जेरोंटोलॉजी, म्हणजे म्हातारपणाच्या शास्त्राच्या नावातला ग्रीक शब्दही याच कुळातला. लेखभर 'जरण' वापरा.

दुर्वा: 'जरण' वाचून कोण थांबेल? लोक 'वय झालं' म्हणतात, तेच लिहावं.

रानवाट: वय तर हायड्रा या पाण्यातल्या चिमुकल्या प्राण्याचंही होतं. पण प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं ठेवलेल्या हायड्रात वयाबरोबर मरणाची शक्यता वाढताना दिसली नाही. वय होणं वेगळं, झिजणं वेगळं.

जुनी पोथी: म्हणूनच आपल्याकडे 'अजर' आणि 'अमर' हे दोन शब्द आहेत. हायड्रा अजर, अमर नव्हे; त्याला कुणीही खाऊ शकतं. हा भेद फुकट घालवू नका.

शमा: लेखात पुढे जीवशास्त्रज्ञ जॉर्ज विल्यम्स यांचा सिद्धान्त (१९५७) आहे: तरुणपणी फायद्याचं जनुक उतारवयात नडतं. 'दुधारी जनुक' चालेल?

दुर्वा: दुधारी शस्त्र एकाच वेळी दोन्हीकडे कापतं. इथे आधी लाभ, मग तोटा. 'उसनवारी' म्हणा.

रानवाट: उसनं फेडावं लागतं. इथे बहुतेक जण फेडीची वेळ येण्याआधीच भूक, रोग नाहीतर शिकारी प्राणी यांनी मरायचे, म्हणून तर ते जनुक टिकलं. 'उसनवारी'त हे कुठे येतं?

दुर्वा: उसनं बुडवणारेही असतातच की! शब्द सोडू नका.