पापणीवरची गाठ कापली की तुकडा लॅबला पाठवायलाच हवा का?

नीलमोहर:
मावशी ६४ वर्षांची. वरच्या पापणीत वाटाण्याएवढी गाठ, दुखणं काहीच नाही. कॅलाझिऑन, म्हणजे तेलग्रंथी तुंबून आलेली साधी गाठ, म्हणून दीड वर्षात दोनदा खरवडली आणि निघालं ते कचऱ्यात गेलं. तिसऱ्यांदा दुसऱ्या डॉक्टरांनी तुकडा पाठवला. सेबेशियस कार्सिनोमा, पापणीतल्या तेलग्रंथीचा कॅन्सर. माझं म्हणणं, पापणीवरून जे काढाल ते तपासा. सरसकट.

आडगावचा:
मावशींचं ऐकून वाईट वाटलं, पण 'सरसकट' पटत नाही. माझ्या पोराला बारावीच्या वर्षात तीन रांजणवाड्या झाल्या. दोन शेकून गेल्या, एक कापली. तिचीही बायोप्सी? तो शब्द ऐकूनच आमच्या आईने जेवण सोडलं असतं. खर्च वेगळाच.

चष्मिष्ट:
नेत्रविभागात काम करतो म्हणून लिहितो. रांजणवाडी दुखते, पिकते, आठवड्याभरात फुटते. कॅलाझिऑन बिनदुखीची, टणक. कॅन्सर नेमका तिचंच सोंग घेतो, कधी नुसता एका डोळ्याचा न हटणारा लालपणा बनून येतो. वरच्या पापणीत तेलग्रंथी जास्त, म्हणून तिथे जास्त आढळतो. पाश्चात्त्य देशांत पापणीचा कॅन्सर म्हणजे बहुतेकदा बेसल सेल, कातडीच्या तळच्या पेशींचा. आपल्याकडे सेबेशियसचा वाटा बराच मोठा, त्यामुळे तिकडचे नियम जसेच्या तसे उचलू नयेत. तरी कॉलेजच्या पोराची पहिलीच गाठ मी पाठवणार नाही. पन्नाशीपुढचा माणूस, त्याच जागी पुन्हा गाठ किंवा तिथले केस झडलेले, यातलं एकही असेल तर पाठवायचीच.

सायली_ठाणे:
वयावर फार विसंबू नका. लहान मुलांत रॅब्डोमायोसार्कोमा होतो, स्नायूच्या जातीच्या पेशींचा. काही दिवसांत-आठवड्यांत डोळा पुढे येतो आणि घरचे म्हणतात, खेळताना लागलं असेल. खोबणीतला हा कॅन्सर केमो-रेडिएशनने बहुतेक मुलांत बरा होतो, पण तुकडा वेळेत तपासला तर.

आडगावचा:
डोळा पुढे आला तर कोण घरी बसेल? ते वेगळं प्रकरण. पुन्हा आलेली गाठ तपासावी, एवढं मान्य. पहिली नाही.

नीलमोहर:
केस झडण्यावरून आठवलं. मावशी काजळ लावताना म्हणायची, "इथे रेघ धरतच नाही गं." आम्ही हसायचो, काजळाची डबी बदलून दिली. तेव्हा ती गाठ पहिलीच होती, आडगावकर.